पंखेवाल्याची इंग्रजी

बेळगावच्या आमच्या कचेरीत छताला टांगलेला कापडी पंखा ओढणारा एक म्हातारा होता. चार वर्षांत त्याचं नाव काही मला कळलं नाही. पायाच्या अंगठ्याला दोरी अडकवून तो असा वारा घाली, की आमचे उडालेले कागद थेट जांबोटीच्या रानात सापडत.

नवा गोरा साहेब आला आणि त्याने सगळ्यांची इंग्रजी तपासायला घेतली. माझ्यासारख्या कारकुनाला ती यायलाच हवी. पंखेवाल्याला मात्र मुळीच येता कामा नये, कारण साहेबाची गुप्त बोलणी त्याच्यासमोरच चालत. येते असं दिसलं, की नोकरी गेली.

साहेबाने एकाच वाक्यात माझी आणि म्हाताऱ्याची, अशा दोन्ही परीक्षा उरकल्या. चिठ्ठीवर इंग्रजीत धडधडीत खोटं लिहिलं, "या म्हाताऱ्याचं येळ्ळूरचं घर आज सकाळी जळालं," आणि ते मला मोठ्याने वाचायला लावलं. मी खणखणीत वाचलं. साहेब दोरीकडे बघत राहिला. दोरीचा ताल तसूभर चुकला नाही. आम्ही दोघेही पास झालो.

दुपारी बाहेर चिंचेखाली म्हाताऱ्याने मला गाठलं.

"अण्णा, मघाशी वाचलासा ते खरं काय? घरात नात हाय माझी."

मी इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "आप्पा, तुम्हाला इंग्रजी येते?"

"वीस वर्सं ऐकतोय की."

"घर शाबूत आहे. साहेबाने मुद्दाम खोटं लिहिलं. पण तुमचा पाय थांबला कसा नाही?"

"थांबला असता तर नातीनं खाल्लं काय असतं?"

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. दोरी आत खोलीतच राहिली होती. त्याचा पाय मात्र हलतच होता.