न खाल्लेला खर्रा

ते प्रकरण मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही, कारण उरलेल्या नोकरीत ते फार कामाला आलं.

मी चौथी शिकलेली. पोलिसात गोंडी येणाऱ्या बायका हव्या होत्या तेव्हा शिक्षणाची अट सैल झाली आणि मी लागले. सहायक फौजदार होऊन निवृत्त झाले. हे घडलं तेव्हा गडचिरोली जिल्ह्यात जंगलाच्या कडेच्या एका ठाण्यात होते. उशिरा पिकणारं भारी धान उभं होतं, लवकर येणारं हलकं कापून झालं होतं. जवळच्या गावचा एक शेतकरी रानडुकरं हाकायला जागलीला गेला, तो परतला नाही. मचाणावर त्याचं घोंगडं सापडलं. तो हरवल्याची मिसिंग दाखल झाली.

दुसऱ्या दिवशी त्याचा शेजारी ठाण्यात आला. दोघांच्या शेताचा बांध एकच. येताच ओक्साबोक्शी रडला.

"साहेब, नवरा-बायकोचं लय भांडण झालं होतं. 'मर तिकडंच' म्हणली ती त्याले. आता पाहा, डोळ्यात पानी नाई. धान झोडून राह्यली."

खबर पक्की वाटली. बायकोला आणलं. भांडण झालं, आपण 'मर' म्हटलं, हे तिने लगेच कबूल केलं. तिच्यामागे गाव येऊन फाटकाशी उभं राहिलं. एक बाई मोठ्याने म्हणाली, "रडाले पैसे लागते का इले?"

सूर्य मावळल्यावर बाईला अटक करता येत नाही, म्हणून ठाणेदार साहेबांना घाई होती. "ऊन उतरायच्या आत मला काहीतरी सांगा," ते म्हणाले. "सोडली तर गाव तिला जिवंत ठेवणार नाही. आत टाकली तर खुनाचं कलम लागेल."

मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि समोर बसले.

"नवरा गेला. दुःख होते का नाई तुले?"

"समजत नाई."

"भेव वाटते?"

"नाई. पोट दुखते."

"मंग राग आहे का मनात?"

"पोट दुखते, बाई. पिळून राह्यलं सारखं."

दारातला शिपाई हसला. "हगवणीची गोळी द्या तिले, मॅडम." त्याला मी बाहेर घालवलं.

नाटक करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. नाटकी माणूस आपल्याला काय वाटतं ते ठसठशीत सांगतो. हिला स्वतःचंच सापडत नव्हतं. मग मनातलं विचारणं मी सोडून दिलं आणि पोटाची चौकशी सुरू केली.

"कधीपासून दुखते?"

पहिल्यांदाच उत्तर झटक्यात आलं. "काल सकाळपासून. शेजारचे भाऊ आले तवापासून."

"तेव्हा नवरा हरवला हे माहीत होतं?"

"नाई. जागलीवरून ते उन्हं वर आल्यावरच येते. मी भांडे घासून राह्यली होती."

म्हणजे काळजीचं कारण नव्हतं आणि पोट पिळत होतं.

"काय केलं भाऊनं?"

"काई नाई. रोजच्यासारखे बसले. खर्रा घोटला."

आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटतात, तोच खर्रा. घोटणारा आधी समोरच्याला चिमूट देतो, मग स्वतः तोंडात टाकतो. न देणं म्हणजे भांडणच.

"मंग?"

"घोटतच राह्यले. मले देल्ला नाई. सोता बी खाल्ला नाई. खिशात टाकला अन् गेले."

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, पोटदुखीवर केस उभी राहत नाही."

"उभी नका करू. त्या शेजाऱ्याला आत बोलवा फक्त."

शेजारी आला, डोळे पुसत. मी पानठेल्यावरून आणलेला खर्रा त्याच्यापुढे केला. "घ्या भाऊ. लय रडले, तोंड सुकलं असन."

तो घोटू लागला. मी धानाबद्दल बोलले, डुकरांबद्दल बोलले. तो घोटत होता. पन्नी फाटली, चुना बोटांना लागला.

"खा ना, भाऊ."

त्याने खाल्ला नाही. भीतीने तोंडात थुंकीच उरली नव्हती. मी म्हटलं, "चला शेतावर. बांधावरच्या खुंट्या कोणाच्या तेवढं दाखवा."

खुंट्या मी पाहिल्या नव्हत्या. पण आमच्या भागात डुकरं मारायला खुंट्या ठोकून करंटची तार ओढतात, हे मला ठाऊक होतं. त्याने खर्रा खाली ठेवला.

"डुकरासाठी लावली होती जी. मानसासाठी नाई."

उजेड होता तोवर पंचनामा केला. त्याच्याच शेतात भाताच्या तणसाच्या ढिगाखाली प्रेत होतं, तळपाय भाजलेले. तार विहिरीत मिळाली. बायको तेव्हाही रडली नाही. पोट दाबून तिने मला विचारलं, "त्यायचं घोंगडं मचानावरून आणू का?"

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना मी या पोटदुखीबद्दल विचारलं. ते म्हणाले, छाती धडधडते, पोट पिळतं, ही खबर अंगातून मेंदूला जाते. मेंदू तिला नाव देतो, भीती किंवा दुःख. काहींच्या मेंदूला खबर मिळते, नाव मिळत नाही. समोरच्याची भीतीही आपलं अंग कधी कधी अशीच पकडतं. मला ते माझ्या भाषेत कळलं: खबरी ठाण्यात येऊन गेला, नोंद झाली नाही.

रडणं पुरावा नाही, न रडणंही नाही. त्यानंतर चौकशीत 'काय वाटतं' हे मी फारसं विचारलं नाही. कुठे दुखतं आणि कधीपासून, हे विचारलं. खोटं बोलणारे तिथे अडकत आणि खरे मोकळे होत.

बऱ्याच दिवसांनी ती बाजाराच्या दिवशी ठाण्यात डोकावली.

"बाई, काल भात जास्तीचा झाला अन् रडूच आलं. थांबेच ना. कायचं होतं काय मालूम."

"नवऱ्याचं," मी म्हणाले.

"असन," ती म्हणाली, आणि मिरच्या घ्यायला गेली.