कोपऱ्यातला पाहुणा

धुळे-नरडाणा बसमध्ये एक आबा रोज माझ्या पुढच्या सीटवर बसत. औद्योगिक वसाहतीत वॉचमन आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. बसल्याबरोबर ते मोबाइलवर रिअ‍ॅक्शन व्हिडिओ लावत. पडद्यावर कुणाचा तरी व्हिडिओ आणि कोपऱ्यात तो बघून हसणारा एक पोरगा. पोरगा हसला की हेही गुडघ्यावर थाप मारून हसत.

एकदा मी न राहवून म्हणालो, "आबा, मेहनत दुसऱ्याची आणि कमाई याची. ही उचलेगिरी आहे. मूळ व्हिडिओ बघा ना."

"एकलाले हासू येस का, भाऊ? घरमा कोनी नही. हाऊ पोऱ्या संगे बसस."



मग एका सकाळी पडद्यावर लग्नाच्या मांडवातली एक म्हातारी आबांच्याच बोलीतलं, अहिराणी गाणं म्हणत होती. पोरगा दर ओळीला गाणं थांबवून तिच्या बोळक्या तोंडाची नक्कल करत होता. आबा हसले नाहीत. माजलेल्या पाहुण्याला सुनावावं तसे ते मोबाइलला म्हणाले, "मना घरमा बसीसन मनीच मायले हासस? ऊठ."

मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "याले काढी टाक."

मी ते चॅनल काढून टाकलं. त्या पोराला बघणारे पुष्कळ असतील, पण त्यातला हा एक त्याला परत मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी ठेवून जागा धरली होती. म्हातारीचं मूळ गाणं त्यांनी शोधून काढलं होतं.

"बस," ते म्हणाले आणि मोबाइल दोघांच्या मधे धरला. गाणं शेवटपर्यंत चाललं. मधे थांबवणारं कोणी नव्हतं.