काळ्या मण्यांची बरणी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, हॉस्टेलच्या मेसमध्ये ताट घेऊन नुकतीच बसले होते. नंबर मामांचाच होता, म्हणून फोन उचलता उचलताच मी नेहमीसारखं म्हणाले, "न्हाई मामा, अजून थांबली न्हाई." पलीकडून त्यांच्या शेजारच्या दुकानातल्या माणसाचा आवाज आला. जेवून मामा दुकानातच आडवे झाले होते, चहाला उठवायला गेले तर... मी ताट तसंच ठेवून उठले. त्याला आता महिना उलटून गेला. लिहायला बसले आहे खरी, पण मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे कुणाबद्दल लिहायचं झालं तर ते माझ्याकडेच येणार, एवढंच.

विट्याच्या आसपासच्या गावांतली पुष्कळ माणसं गलाईच्या कामाला देशभर गेलेली आहेत. जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात धुवायचे आणि त्यातलं चोख सोनं वेगळं करून द्यायचं, हे ते काम. तानाजीमामा, माझ्या आईचे थोरले भाऊ, मिसरूड फुटायच्या आधीच गावातल्या एकाबरोबर दूर दक्षिणेतल्या एका गावी गेले आणि तिथेच राहिले. मामी मात्र इकडेच. आमच्या माळावर थोडी ज्वारी, थोडी मटकी, आणि मेंढरं. मामा वर्षातून दोनदा यायचे, चैत्रातल्या जत्रेला आणि दिवाळीला. आले की आधी मेंढरांत जायचे आणि मग घरात. मामी म्हणायची, "बघा, आमच्याआदी तिकडं वळख द्यायला लागतीया."

मेंढरांत जायचं कारण त्यांच्या खिशात असायचं. दुकानात मंगळसूत्र वितळवायला आलं की मामा वाट्या आणि सोन्याचे मणी काढून घ्यायचे, आणि काळे मणी कागदात बांधून त्या बाईच्या हातात परत द्यायचे. बाकीचे दुकानदार झाडून टाकायचे. मामांना ते जमायचं नाही. काही बाया घेऊन जायच्या, काही म्हणायच्या, आता हे कशाला, टाका. ते टाकलेले मणी मामा एका बरणीत जमवायचे आणि जत्रेला येताना घेऊन यायचे. मग मामी ते दोऱ्यात ओवायची आणि त्या वर्षीच्या कोकरांच्या गळ्यात बांधायची, नजर लागू नये म्हणून. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच कोकरांच्या गळ्यात मंगळसूत्र असतं.

लढाई सुरू झाली ती फार लांब. सुरुवातीला आमच्यापर्यंत आली ती तेलाच्या डब्यातून, मग खताच्या पोत्यातून. हॉस्टेलच्या मेसमध्ये पुऱ्या बंद झाल्या, त्यावर आम्ही चार दिवस कुरकुर केली आणि विसरलो. एका ठिकाणची थांबायच्या आत दुसरीकडे पेटली. सोन्याचा भाव तर रोजच वर. मी मामांना फोनवर म्हणाले, भाव वाढला म्हणजे तुमचं काम कमी झालं असेल. ते हसले. "उलटं झालंय पोरी. नवीन परवडत न्हाई, मग जुनं मोडून लेकीला करत्यात. भट्टी इजत न्हाई आमची." कोरोनात दीड वर्ष ती भट्टी गार पडली होती. ते दिवस त्यांच्या मनातून गेले नव्हते, त्यामुळे दारात आलेलं काम ते परत लावत नव्हते.

गेल्या चैत्रात ते आले तेव्हा जिना चढताना मध्येच थांबले. तेजाबाच्या धुरात सगळं आयुष्य गेलेलं, छातीत घरघर होती. मामी त्यांना विट्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली, मीही सोबत होते. डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही. औषधं दिली आणि म्हणाले, भट्टी सोडा, आजच सोडा. घरी आल्यावर मामा ओट्यावर बसून राहिले. मामी कोकरांना पाला टाकत होती. त्या वर्षी कोकरं जास्त होती. तिने मणी मागितले, तर मामा म्हणाले, न्हाई आणले.

"का? कुनी मोडायला आलं न्हाई व्हय?"

मामांनी मग जे सांगितलं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. लढाईच्या आधी बाया म्हणायच्या, मणी टाका. आता तसं म्हणत नव्हत्या. एक म्हातारी नातीच्या लग्नासाठी आपलं मंगळसूत्र घेऊन आली. मामांनी मणी कागदात बांधून पुढे केले, तर तिने ते परत त्यांच्याकडे सरकवले. घरी नेले तर हरवतील, तुझ्याकडंच राहू देत, भाव उतरला की येते, वाट्या करून याच मण्यांत ओवीन, असं म्हणाली. मामांनी ते ठेवून घेतले. मग दुसरी आली, तिनेही तसंच सांगितलं. बायाबायांत ही गोष्ट पसरली आणि बाया ठरवूनच मामांच्या दुकानात यायला लागल्या. ज्या त्या मंगळसूत्राचाच दोरा मामा ज्या त्या पुडीला बांधायचे. त्यावर काही लिहायचे नाहीत, पण त्यांना सगळ्या पुड्या ओळखू यायच्या. बरणी भरली होती.

मामी हातातला पाला तसाच धरून उभी होती. तिने विचारलं, मग तुम्ही कधी येणार.

"लढाई थांबली की भाव उतरंल. त्या बाया येतील, ज्याचं त्याला दिलं की मी आलोच. त्या येतील तवा मी तिथं नको व्हय?"

मामी ओट्याकडे वळून म्हणाली, "आदी म्हणायचं, भनीचं लगीन झालं की येतो. मग म्हणायचं, घरावर स्लॅब पडला की येतो. आता म्हनं लढाई. आवं, ती काय तुमाला इचारून थांबणार हाय?"

मामा हसले आणि खोकले. मग माझ्याकडे वळले. "ही हाय की आपली शिकल्याली. ही सांगंल कवा थांबती ती."

मी इतिहास घेऊन बी. ए. करते. आधीच्या लढाया कशा थांबल्या, कुणी कुठे सह्या केल्या, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. पण ही कधी थांबणार, हे मला कसं कळणार... मी तसं सांगितलंही. तरी मामा परत दुकानावर गेल्यावर रोज संध्याकाळी भट्टी उतरवली की फोन करायचे आणि तेवढंच विचारायचे, "थांबली काय गं?" मी बातम्या बघून ठेवायचे. बोलणी सुरू आहेत, म्हटलं की त्यांचा आवाज खुलायचा. बोलणी मोडली, म्हटलं की म्हणायचे, बरं, जेव तू. दिवाळीला ते आले नाहीत. मामीने त्यांच्या वाटच्या करंज्या डब्यात तशाच ठेवल्या होत्या.

त्यांना गावी आणलं ते त्यांच्या गल्लीतल्या आपल्याकडच्याच माणसांनी, सगळ्यांनी दुकानं बंद ठेवून. शववाहिनीतून त्यांच्यासोबत एक पेटी, एक वळकटी आणि ती बरणी आली. ज्यांनी आणली त्यांनाही ती कशाची हे माहीत नव्हतं. सामानात होती म्हणून आणली, म्हणाले.

दहाव्याला बायका मामीभोवती जमल्या होत्या, पण तिच्या गळ्याकडे हात न्यायचं कुणाला होईना. मग मामीनेच मंगळसूत्र काढलं. वाट्या माझ्या आईच्या हातात दिल्या. काळे मणी मांडीवर घेतले, कागदाचा तुकडा मागितला, पुडी केली, तिला तोच दोरा गुंडाळला आणि ती बरणीत ठेवली. त्या सगळ्या पुड्यांत तेवढी एकच कुणाची आहे, हे आता सांगता येतं. बाकीच्या ओळखणारं माणूस राहिलेलं नाही.

मला वाटलं होतं की मामी या वर्षी तरी ते मणी कोकरांना बांधेल. नुकतीच काही कोकरं झाली आहेत, त्यांचे गळे मोकळेच आहेत. बरणी तिने फळीवर, मामांच्या फोटोच्या शेजारी न ठेवता दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली आहे, बाहेर जाताना हाताला येईल अशी. परवा संध्याकाळी, मामांच्या वेळेला, तिचा फोन आला. मेंढरांचा आवाज येत होता. ती म्हणाली, "थांबली काय गं?"

मी म्हणाले, न्हाई मामी.

"थांबली की सांग. बाया दुकानात येऊन उभ्या ऱ्हातील. मला ते गाव ठावं न्हाई, तू चल संगट. बरणी पोचवायला पायजे."

मी हो म्हटलं. आता मी रोज संध्याकाळी बातम्या बघून ठेवते.