भोंगाबाईची हवा

भोंगाबाई कुजबुजली, तरी मोर्णा नदीच्या दुसऱ्या काठावरच्या म्हशी कान टवकारत. पदरचे सांगत नाही. एकदा भर बाजारात तिने माझ्या कानाशी लागून, "मास्तरीनबाई, तुमच्या निऱ्या सुटून राहिल्या," असे गुपित सांगितले, आणि रस्त्यापलीकडच्या पानवाल्याने सभ्यपणे मान फिरवली. अशा बाईला सरकारने रेडिओवर बोलू दिले. सरकारला कुणी मंदबुद्धी म्हणाले की मी एवढ्यासाठी भांडते.

अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या महिला मंडळाने सामुदायिक रेडिओ सुरू केला, तेव्हा मी शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, जेमतेम अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर होते. खाली पिठाची गिरणी, वर आमची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकलेल्या. निवेदिका अर्थात मी. जन्मभर पोरींना मराठी शिकवल्याचा माज अंगात होता. "नमस्कार श्रोतेहो, आपण ऐकत आहात..." हे मी असा गळा आवळून म्हणायची की स्वतःच्याच आवाजाने माझे डोळे भरून यायचे.

भोंगाबाई दर्यापूरकडची, माळ्याच्या घरची. खाऱ्या पाण्याच्या त्या पट्ट्यात भाजी पिकवणे म्हणजे सासूला हसवण्यासारखे अवघड काम, पण हिची वांगी पिकायची. एक दिवसाआड ती पाटी घेऊन यायची आणि नेमकी आमच्या गिरणीपुढे बसायची. त्यामुळे आमच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात, पाहुणे डॉक्टर रक्तदाबावर बोलत असोत की वकील वारसाहक्कावर, मधेच "घ्या वांगे, लोन्यासारखे वांगे!" असे यायचे. एके दिवशी मी तणतणत खाली उतरले.

"अहो बाई, तुमचा आवाज वर आमच्या कार्यक्रमात येतो!"

"बाप्पा! फुकटात?" ती खूश झाली. "मंग खालून कायले वरडू? वरच येतो ना मी!"

"येतो नव्हे, येते म्हणा."

"येते ते दुसरी. मी तं येतो."

आणि आली की. गोधड्यांच्या खोलीत बसून तिने चौफेर पाहिले, माइकला बोटाने टोचले आणि मला म्हणाली, "बाई, राग नोका मानू. पन तुमी बोलाले लागल्या का कोनी गेलं काय, असं वाटते. लोकं चुलीवरचं दूध उतरवून ठेवते." मी राग मानला. चांगला पंधरा दिवस मानला. तोवर मंडळाच्या बाकीच्या बायांनी तिला 'बांधावरची गोठ', म्हणजे गोष्ट, हा कार्यक्रम देऊनही टाकला होता, आणि लोक आमच्या केंद्राला 'वांगेवालीचा रेडिओ' म्हणू लागले होते.

तिचे एक ठरलेले वाक्य होते : "हवा काय कोनाच्या बापाची हाय?" परवान्याच्या अटी मी तिला समजावून सांगायला बसले की ती ते तोंडावर फेकायची. मी सांगायची, बाई, हवेतल्या लहरी साऱ्या जनतेच्या, म्हणूनच त्या कुणी, किती आणि कशा वापरायच्या हे सरकार ठरवते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या जनतेच्या मालकीच्या असल्याचे म्हटले आहे. "म्हनजे माह्यावानीच म्हनलं ना?" हो, तिच्यासारखेच म्हटले, फक्त बाप वगळून. दिल्लीत आमच्या अर्जावर गृह खात्याने पाहिले, संरक्षण खात्याने पाहिले, हेही मी सांगितले. ती पाटीवरची वांगी पुसत म्हणाली, "चला, माह्या वांग्यापासून देशाले धोका नाई, हे तं समजलं."

बातम्यांवरून मात्र आमची खरी जुंपली. सामुदायिक रेडिओवर आपल्या बातम्या सांगता येत नाहीत, ही अट. ती म्हणाली, "मंग गंगूची म्हैस व्याली, हे काय हाय?"

"ती स्थानिक माहिती. चालेल."

"आन जुळं झालं तं?"

"तीही माहितीच."

"आन मंत्र्याची म्हैस व्याली तं?"

मी व्याकरण शिकवलेली बाई. पण ह्या म्हशीचा वर्ग मला आजतागायत ठरवता आलेला नाही.

एवढा जीव ती रेडिओत का गुंतवून बसली होती, ते मला एका दुपारी कळले. गिरणी चालू होती, म्हणून आम्ही नुसत्या बसलो होतो. 'हळू'ला 'हयू' म्हणणारी ती शेंगा फोडत म्हणाली, "माहेरी बाप म्हने, हयू बोल. सासरी सासरा म्हने, हयू बोल. भासरे-दीर अजून म्हनते. हे एकच जागा हाय बाई, जिथं मले कोनी हयू बोल म्हनत नाई. माइकच मांगं सरकवते." आणि हसली. गिरणीच्या घरघरीतही ते हसू खाली ऐकू गेले असणार.

म्हणून, तक्रार आली तेव्हा मला पहिली आठवण झाली ती तिची. कुणीतरी निनावी कळवले होते की, हे केंद्र परवान्यापेक्षा जास्त ताकदीचे यंत्र लावते. पुरावा? आमची हद्द अकोला आणि भोवतालची चार गावे. पण दर्यापुरात, इतक्या लांब, लोक आमचे कार्यक्रम नेमाने ऐकतात, तोंडपाठ म्हणून दाखवतात! परवान्याचे नूतनीकरण तोंडावर आलेले. तक्रार खरी निघाली असती, तर केंद्राला कुलूपच. भोंगाबाईचा चेहरा प्रथमच पडलेला पाहिला. "बाई, आपलं बंद व्हते काय?" हे तिने खरोखर हळू विचारले, आणि मी घाबरले.

नागपूरहून साहेब आले. तरुण, शांत, हातात मोजणीचे यंत्र. मी भोंगाबाईला बाजूला घेतले आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत हुशारीची आज्ञा केली : "आज दिवसभर तोंड उघडायचे नाही. एक शब्द नाही!" तिने ओठ मिटले. गाल फुगले. भरलेल्या कणगीसारखी ती दिसू लागली.

अकोल्यात मोजणी बिनचूक निघाली. खांबाची उंचीही नियमात. "आता दर्यापूर," साहेब म्हणाले. आपल्या गाडीने गेलो तर लोक सावध होतील, म्हणून त्यांनी साधी जीप धरायची ठरवली. सायंकाळी साडेपाचची काळी-पिवळी जीप. पुढे साहेब यंत्र मांडीवर घेऊन, मागे बायाबापड्यांत दाटीवाटीने मी आणि फुगलेली भोंगाबाई.

जीप शहराबाहेर पडली, आणि ड्रायव्हरने आरशात पाहून विचारले, "काहून वं, आज रेडिओ बंद?"

साहेबांनी मान वळवली.

मागची एक म्हातारी म्हणाली, "खरंच की! एक दिवसाआड सुरू असते. आजच काहून बंद ठेवला?"

"साहेब येनार व्हते म्हून बंद ठेवला असंन," कुणीतरी हसले. "आयकलं, नागपूरहून कोनी आलं म्हने."

साहेबांनी खिशातून पेन काढले. म्हणजे आमच्यातल्याच कुणी खरोखर चोरून यंत्र लावले होते? भोंगाबाईकडे पाहिले, तर ती दोन्ही हातांनी तोंड दाबून डोळे गरागरा फिरवत होती. मला वाटले, अपराधी भावनेने. मी डोळ्यांनीच दटावले : खबरदार! अशी मी तेव्हा माणसे ओळखायची.

यंत्रावरचा काटा तर वाटेतच आडवा झाला होता. दर्यापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा आमच्या केंद्राची तिथे खरखरही नव्हती. पण साहेब कच्चे नव्हते. त्यांनी चहावाल्याला विचारले, "अकोल्याचा तो वांगेवालीचा रेडिओ ऐकता का तुम्ही?"

"हो तं! येत असते." चहावाल्याने गळा आवळला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "नमस्काऽऽर श्रोतेहो!" हुबेहूब मी. चार गिऱ्हाईके टाळ्या देऊन हसली.

साहेबांचा चेहरा कडक झाला. "कितीवर लागतो?"

"साडेपाचवर," चहावाला म्हणाला. "गर्दी नसली तं सहावर."

"साडेपाच असा आकडा रेडिओवर नसतो."

"रेडिओवर नसंन जी. जीपमंदी असते. साडेपाचची जीप." त्याने किटलीनेच भोंगाबाईकडे बोट केले. "हे काय, तुमच्या मांगंच तं उभा हाय आमचा रेडिओ! आज काय बिघडलं वं तुले?"

मग मी आज्ञा मागे घेतली की तिने ती मोडली, आठवत नाही. कणगी फुटली. अकोल्याला जे जे आमच्या केंद्रावर झाले, ते ही बया जीपभर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत यायची. डॉक्टरांचा रक्तदाब, वकिलांचा वारसाहक्क, मधली गाणी, गाण्यांमधले पेटीचे तुकडे, आणि अगदी सुरुवातीला माझी नक्कल. स्टँडवरच्या त्या गर्दीत तिने त्या दिवसाचा सबंध कार्यक्रम साहेबांना ऐकवला. "सायेब, हे बंद कराचं असंन तं सांगा! ह्याले कोनता परवाना लागते? हवा काय..."

"बाई!" मी ओरडले. बाप तेवढा वाचला.

साहेब हसायला लागले ते चहा सांडेपर्यंत. त्यांनी अहवालात काय लिहिले ते आम्हाला पुढे कळले : केंद्र परवान्याच्या मर्यादेत आहे, दर्यापुरातील प्रसार यंत्राद्वारे होत नाही. जाताना ते तिला म्हणाले, "मावशी, इतके लोक ऐकतात, तर दर्यापूरचे स्वतःचे केंद्र का मागत नाही तुम्ही?"

त्यांनी सहज म्हटले असेल. तिने सहज ऐकले नाही. गावोगावच्या बचत गटांच्या बाया तिने गोळा केल्या, त्यांची संस्था उभी राहिली, आणि संस्थेला लागतात तेवढी वर्षे झाली की लगेच अर्ज गेला. दिल्लीत समितीपुढे बोलायला ती मला सोबत घेऊन गेली. मी प्रमाण हिंदीत भाषण पाठ करून नेले होते. ते माझ्या पर्समध्येच राहिले. समितीतल्या बाईंनी विचारले, भाषा कोणती वापरणार? भोंगाबाई म्हणाली, "जे बोलून राहिली तेच." त्या बाई म्हणाल्या, हेच हवे आहे, धोरणातही स्थानिक बोलीच लिहिली आहे. मी खिडकीबाहेर पाहिले. मी आयुष्यभर लाल शाईने खोडलेली भाषा सरकारने मागवून घेतली होती.

परवानगी आली तेव्हा भोंगाबाई पासष्टीची होती. पुढे सहा वर्षे तिने ते केंद्र चालवले आणि गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत ती गेली. केंद्र चालू आहे. मी महिन्यातून एकदा जाते, माइकपुढे बसते आणि माझे 'मी सांगतो' आता कुणालाही खटकत नाही.

पण तुम्हाला उद्घाटनाचा दिवस सांगायला हवा. दर्यापुरात खांब उभा राहिला आणि तालुका लोटला. साऱ्यांना वाटले, पहिले बोलणार ती भोंगाबाईच. तिने मात्र एका लाजऱ्या सुनेला पुढे ढकलले. "मी लय बोलली. तू जाय." पोरगी आत गेली, दार लागले, हिरवा दिवा लागला. बाहेर पेढे, फटाके, पोट्ट्यांचा गोंधळ. आतली पोरगी माइकपुढे थिजली. रेडिओवर नुसता श्वास ऐकू येत होता.

भोंगाबाई खांबाखाली उभी होती. कानाशी लावलेला लहानसा रेडिओ तिने खाली घेतला आणि गर्दीवर गरजली, "चूप बसा रे! पोरगी बोलून राहिली!"

बंद दारातून, तिथेही ठोकलेल्या गोधड्यांतून, ते थेट माइकमध्ये गेले. दर्यापूर केंद्राचे ते पहिले वाक्य. आणि लोक अजून सांगतात की, घराघरांतून, शेतांतून, स्टँडवरच्या दुकानांतून, जिथे जिथे रेडिओ लागला होता, तिथली माणसे खरोखर चूप बसली.

त्या शांततेत पोरीने आपले नाव सांगितले.