दार उघडलं तरी मशीन फिरतच राहिली

रेहानाबाईंनी चालू मशीनचं दार उघडून हात आत घातला आणि मी ओरडले. वाईजवळचा स्ट्रॉबेरीचा गर काढायचा कारखाना. आत पोलादी पाती गरगरत होती.

"आवं मॅडम, घाबरू नका," त्या म्हणाल्या. "फळ अडकलं की बोटानं ढकलायचं. रोजचंच हाय."

मी सांगलीची, यंत्रांच्या सुरक्षेची तपासणी करते. याच मशीनच्या पाटीचा फोटो महिन्यापूर्वी कारखान्याकडून मला व्हॉट्सॲपवर आला होता. पाटीवर सीई मार्क होता. मी घरबसल्या 'ओके' पाठवलं होतं.

सीई ही दोन अक्षरं म्हणजे बनवणाऱ्यानं स्वतः दिलेली ग्वाही, की मशीन युरोपच्या सुरक्षा नियमांत बसते. बहुतेक मशीन्सची तिसऱ्या कुणी तपासणी केलेली नसते. नियमाप्रमाणे या मशीनच्या दाराला सेफ्टी स्विच हवा. दार उघडलं की पाती थांबली पाहिजेत.

मालक सुर्वे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना मशीन बंद करायला सांगितलं.

"आत्ता? घाट उतरून दोन टेंपो आल्यात. दुपारपर्यंत फळाला पाणी सुटंल."

"बाईंचा हात गेला तर?"

"पाटी हाय न्हवं? कंपनी बघंल की."

"कंपनी परदेशात आहे. कायदा कारखाना चालवणाऱ्याला धरतो. म्हणजे तुम्हाला."

पण मशीन चालूच होती. बंद करायचा अधिकार मला नव्हता, मी फक्त सल्लागार. मग जे बोलायला जड जात होतं तेच बोलले.

"माझं ओके चुकलं. मशीन न बघता दिलं. आत्ता लेखी मागे घेते."

"म्हंजी तुमी बघितलंच न्हवतं?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, ते आजही आठवलं की मला अस्वस्थ होतं. मग त्यांनीच जाऊन मेन स्विच पाडला.

मशीन विकणाऱ्या डीलरला फोन लावला, स्पीकरवर. मी तावातावानं सीईचा कागद, म्हणजे बनवणाऱ्याच्या सहीची ग्वाही, मागितला. दहा मिनिटांत ईमेल आला. मॉडेल बरोबर, नंबर बरोबर, सही होती. सोबतच्या पुस्तकात दाराच्या स्विचचं चित्रसुद्धा होतं. मग चुकलं कुठं?

कारखान्याच्या इलेक्ट्रिशियननं पॅनेल उघडलं. स्विचकडून आलेल्या दोन वायरी एकमेकींना पिळून वर टेप गुंडाळली होती. म्हणजे दार उघडं असलं, तरी मशीनला ते बंदच वाटत होतं.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

इलेक्ट्रिशियननं सुर्वेंकडे बघितलं. सुर्वेच बोलले, "मीच सांगितलं. दार जरा हाललं की मशीन बंद पडायची. सीझन चालू. म्हटलं, तेवढं जोडून टाक."

म्हणजे मशीन आली तेव्हा धड होती. बिघडवली आपण. आता डीलरकडे बोट दाखवायची सोयच उरली नव्हती.

एक टेंपो शेजारच्या जॅमवाल्यानं घेतला. दुसऱ्यातलं निम्मं फळ फेकावं लागलं. दाराची बिजागरी ढिली होती, म्हणून ते हलायचं. बिजागरी बदलली, वायरी सोडवल्या. तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं, पाती जागच्या जागी थांबली. रेहानाबाईंना फळ ढकलायला लाकडी दांडा दिला.

"ह्यानं येळ लय जाणार," त्या कुरकुरल्या.

"जाऊ दे," सुर्वे म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते मला कुंडलला मेहुण्याच्या कारखान्यात घेऊन गेले. तीन मशीन्स, तिन्हींच्या पाट्या चकचकीत. त्यातल्या दोन मशीन्सचे स्विच असेच वायरी पिळून निकामी केलेले.

पाटी सांगते ते मशीन कंपनीतून निघाली त्या दिवसाचं. नंतरचं आपल्या अंगावर असतं. तेव्हा पाटी बघा, कागद मागा आणि मग मशीन चालू करून दार उघडा. थांबली नाही, तर सही करू नका.