हरलेल्याची खुर्ची

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये आमच्या समोर एक डच आजोबा राहतात, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. कुठलाही विषय काढा, ते टेबलावर बोटाने तीनदा टकटक करतात आणि व्हिएन्नाला पोचतात. दोनशे वर्षांपूर्वी युरोपभर युद्ध करून फ्रान्स हरला, तरी व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपची नवी घडी बसवताना त्यालाही टेबलाशी बसवलं, म्हणून ती घडी बरीच वर्षं टिकली, हे मी निदान वीसदा ऐकलंय.

गेल्या वर्षी गल्लीच्या सामायिक शेडमध्ये आमच्या ढोलाचा सराव नको, असं ठरलं. नको म्हणणाऱ्यांत आजोबाही होते. मी रुसले, पुढच्या बैठकीला जायचंच नाही म्हटलं. बैठकीला ज्याने त्याने आपली खुर्ची न्यायची असते. तर आजोबा दोन खुर्च्या घेऊन माझ्या दारात. "चला, तुमच्याशिवाय सरावाची वेळ कशी ठरवणार?" रविवारी दुपारचा एक तास मिळाला.

यंदा कोपऱ्यावरचं झाड छाटायचं ठरलं. विरोध एकट्या आजोबांचा होता. पुढच्या बैठकीला मी दोन खुर्च्या घेऊन त्यांच्याकडे गेले. ते कोट-बूट चढवून दारातच उभे होते.

"पाच मिनिटं उशीर केलात," म्हणाले.