शिवेअलीकडची बंदूक

"ही मोकळी हाय, भाऊसायेब. ऐकून घ्या."

असं म्हणत मावशी बंदुकीच्या नळीत वरून गज सोडायच्या. तळाशी लोखंडावर लोखंड वाजून खण्ण आवाज झाला, की मगच बंदूक माझ्या टेबलावर आडवी ठेवायच्या. तीही नळीचं तोंड भिंतीकडे करून.

वडगावच्या मामलेदार कचेरीत मी तेव्हा नवा कारकून होतो आणि हत्यारांच्या परवान्यांचं दप्तर माझ्याकडे होतं. इंग्रज सरकारला आपल्या लोकांच्या हातातल्या बंदुकीची केवढी धास्ती! पिकाच्या राखणीला ठासणीची एक जुनी बंदूक ठेवायची, तर दरसाल ती कचेरीत आणून दाखवायची, परवान्यावर शिक्का घ्यायचा, दारू आणि बार पेटवायच्या टोप्या ठरवून दिल्या तेवढ्याच घ्यायच्या. आणि कचेरीत किंवा ठाण्यात आणण्याखेरीज आपल्या गावची शीव ओलांडून बंदूक न्यायची नाही. शिक्का पडला की बाकीचे लोक निघून जात. मावशी मात्र बसून राहायच्या. आंदर मावळातल्या डोंगराकडेच्या वाडीतून, नवलाख उंबरे गावाच्या वाटेने त्या चालत आलेल्या असत.

"आता अटी वाचा."

"गेल्या साली वाचल्या होत्या की, मावशी."

"सरकारनं बदलल्या असल्या म्हंजे?"

मी वाचायचो. एकदा कंटाळून मी मधली एक अट गाळली. डोळे मिटून ऐकत होत्या, तशाच म्हणाल्या, "चौथी ऱ्हायली." त्यांना अक्षरओळख नव्हती, हे सांगायला हवं.

बंदूक मूळची त्यांच्या नवऱ्याची. तो तापाने गेला आणि तेरावं आटोपताच त्यांनी ती स्वतः ठाण्यात नेऊन जमा केली. मेलेल्या माणसाचा परवाना चालत नाही, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मग स्वतःच्या नावाने अर्ज केला. कचेरीत सगळे हसले, मीही हसलो. बाईच्या नावचा बंदुकीचा परवाना आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता.

प्रांतसाहेब मुक्कामाला आले तेव्हा त्यांनी ठाण्यातून बंदूक आणवली आणि मावशींना बोलावलं. "भरून दाखवा," म्हणाले. मावशींनी दारू मापून ओतली, चिंधी सारली, गोळी सोडली आणि गजाने ठासली. घाई नाही, थरथर नाही. साहेबांनी पलीकडच्या बांधावरच्या मडक्याकडे बोट दाखवलं. "आता ते फोडा."

मावशींनी बंदूक खाली केली. "न्हाई सायेब. लायसन अजून माज्या नावाचं न्हाई. बार काडला तर गुन्हा हुईल."

साहेबांनी मामलेदारांकडे पाहिलं, मामलेदारांनी माझ्याकडे. मी कायद्याचं पुस्तक चाळायचं सोंग केलं. महिनाभरात परवाना आला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, भात पोटरीला आलं असताना, मावशी एका दुपारी अवचित आल्या. शिक्क्याची वेळ नव्हती. गज वाजवला, बंदूक ठेवली आणि म्हणाल्या, "तक्रार लिवून घ्या. माज्यावर."

आदल्या दिवशी सकाळी त्या आपल्या खाचराच्या बांधावर उभ्या होत्या. समोर ओढा, आणि ओढा हीच गावची शीव. पलीकडे शेजारच्या गावचा एक जण गवत कापत होता. रानडुकराने त्याला पाडलं, मांडी फाडली आणि ते पुन्हा त्याच्यावर वळलं. साठ-सत्तर पावलांचं अंतर. ठासणीची बंदूक, त्यामुळे एकच गोळी. दुसरी भरेपर्यंत माणूस उरला नसता.

"मग?" माझी लेखणी थांबली होती.

"गुडगा टेकला. डुक्कर वळताना त्ये आन् मानूस यांच्यात हातभर जागा झाली. तेवड्यात मारली."

"माणूस वाचला ना? मग तक्रार कसली?"

"म्या शीव वलांडली न्हाई. पर गोळीनं वलांडली." मग म्हणाल्या, "आन् गोळी चुकली असती, तर म्याबी बंदूक घिऊन पल्याड गेली असती. त्येबी लिवा."

"मनातलं कोण विचारतंय, मावशी? कशाला लिहायचं?"

"उद्या कुनी इचारलं तर? म्या दोन येळा दोन गोष्टी सांगनार न्हाई."

मी लिहिलं. त्यांनी अंगठा उठवला. तुम्हीही माझ्यासारखी नोकरीत हयात घालवली असेल, तर असे किती जबाब तुमच्या हाताखालून गेले, ते आठवून पाहा. माझ्या हाताखालून तो एकच गेला.

चौकशी होईपर्यंत बंदूक जमा झाली. डुकरांनी निम्मं भात लोळवलं. तो वाचलेला माणूस मांडीला फडकं बांधून, काठी टेकत रोज ओढ्यापलीकडून यायचा आणि त्यांच्या खाचरांत आरोळ्या देत फिरायचा. मावशी बंदूक मागायला एकदाही आल्या नाहीत. कापणी झाल्यावर वरून हुकूम आला, की अटी माणसाला आणि हत्याराला आहेत, गोळीबद्दल काही म्हटलेलं नाही. बंदूक परत देताना आमचे मामलेदार खुर्चीतून उठून उभे राहिले. वरिष्ठ सोडून दुसऱ्या कुणासाठी उठलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

पुढे कित्येक वर्षं गज वाजत राहिला, अटी वाचल्या जात राहिल्या. मग एका उन्हाळ्यात त्या आल्या आणि अटी वाचा म्हणाल्या नाहीत.

"जमा करून घ्या. कायमची."

"का हो?"

"परवा तिनीसांजंला झुडपात डुक्कर दिसलं. टोपी बसवली, नेम धरला. आन् त्ये खाकरलं, भाऊसायेब." त्यांनी टेबलावरची बंदूक माझ्याकडे सारली. "शेजारचा म्हातारा व्हता. डोळं गेलं माजं. लायसन हाय म्हून काय मारायचं?"

त्यांच्यासमोर मी वहीतल्या त्यांच्या नावावर तांबडी रेघ ओढली. ती त्यांनी बोट फिरवून पाहिली, बोटाला लागलेली शाई पदराला पुसली, "येते," म्हणाल्या आणि पायऱ्या चाचपत उतरून गेल्या. त्यानंतर त्या कचेरीत कधी आल्या नाहीत.

बंदूक कोठारात ठेवायला मी उचलली. इतक्या वर्षांत ती मी कधी हातात धरलीच नव्हती. व्हरांडा ओलांडेपर्यंत मला दोनदा हात बदलावा लागला.